अणदूरच्या तलावावरची घागरींची रांग

मॅडमसोबत प्रवास करायचा म्हणजे वेळेआधी पंधरा मिनिटं पोहोचावं लागतं. मी वीस मिनिटं आधी पुणे स्टेशनवर होते.

मॅडम म्हणजे नगररचनेच्या माझ्या निवृत्त प्राध्यापिका. चार देशांतल्या निर्वासित छावण्या त्यांनी आखल्या. सुरुवात मात्र बहात्तरच्या दुष्काळात, अणदूरजवळच्या पाझर तलावाच्या कामावर झाली. मेंढपाळाच्या घरातली, मॅट्रिक झालेली मुलगी म्हणून त्यांच्या हाती मोजणीची टेप आली. टँकर यायच्या आधी बायका घागरी रांगेत मांडून माती उचलायला जात. टेप सरळ लागावी म्हणून मॅडमनी घागरी बाजूला केल्या. क्रम मोडला. पहिला नंबर असलेल्या हिराबाईंची पाळी येईपर्यंत टँकर संपला, त्या रिकामी घागर घेऊन घरी गेल्या. ही चूक मॅडम दरवर्षी पहिल्याच तासाला वर्गात सांगत. हिराबाईंना कधीच सांगितली नव्हती. त्या हयात आहेत असं कळलं आणि आम्ही निघालो.

सोलापूरपर्यंत रेल्वे, पुढे हैदराबाद रस्त्याने एसटी. रस्ता उत्तम आहे. बायकांना अर्धं तिकीट.

"आजी, पंच्याहत्तर झाली असतील तर तिकीटच न्हाय," कंडक्टर म्हणाला.

"झाली नाहीत. अर्धं फाडा."

अणदूरला भाकरी, पिठलं आणि शेंगांची चटणी पोटभर मिळाली. खंडोबाच्या दर्शनाला जाणार असाल तर आधी चौकशी करा; वर्षातले काही दिवस देव नळदुर्गला असतो. आम्ही देवळात गेलो नाही. मॅडमना थांबवत नव्हतं.

हिराबाई दूध डेअरीसमोरच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. मॅडम उभ्यानेच म्हणाल्या, "आक्का, तलावावर तुमची घागर मी हलवली होती."

हिराबाईंनी डोळे बारीक केले. "टेपवाली पोर व्हय तू? लई शिव्या घातल्या तुला!"

"घालायलाच हव्या होत्या."

"मग फुडं काय केलंस?"

मोठ्या परिषदांत कागदाशिवाय बोलणाऱ्या मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी फोनवर त्यांच्या एका छावणीचा आराखडा उघडला. नळाजवळ बुटका ओटा, त्यावर खाचा. भांडी रांगेत, बायका सावलीत.

"कळशी बी बसती का ह्यात?"

"बसते. दोन मापांच्या खाचा आहेत," मी म्हणाले.

"आन् कुणी हलवली तर?"

"नंबर खाचेवर आहे, आक्का," मॅडम म्हणाल्या. "घागरीवर नाही."

हिराबाई हसल्या. "डेअरी निघाली तवा म्या बी भांडले. कॅन मांडाया कट्टा पायजे म्हनलं, बायामान्सं उन्हात उभी ऱ्हायची न्हायती. बस की, त्योच हाय ह्यो."

मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या. परतीची पहिली एसटी आम्ही जाऊ दिली.

मी कुणाची विद्यार्थिनी आहे हे सहसा सांगत नाही, लोकांना वशिला वाटतो. पुण्यात परतल्यावर शेजारणीने विचारलं, कुठे गेली होतीस? "माझ्या मॅडमचं काम बघायला," मी म्हटलं, आणि तिने विचारलं नसतानाही छावणीतल्या त्या ओट्याची लांबी, रुंदी, उंची, सगळं सांगितलं.