हौद भरलेला होता

"ए पोरी, हौदात पाय नोको घालू! देवाचा सैपाक हाय त्या पान्यावर!"

मालकीण ओरडली तेव्हा उकळतं वरण नुकतंच माझ्या उजव्या पायावर सांडलं होतं. तुरीचं घट्ट वरण. ते ओघळून जात नाही, चिकटून बसतं आणि भाजत राहतं. मी बोंबलत विहिरीजवळच्या हौदाकडे पळाले होते. मोटार चालू. पाइपातून गार पाणी धो धो पडत होतं. आणि मी थांबले. कोणी धरलं नव्हतं मला. नुसत्या आवाजानं थांबले. त्याची चीड आजही जात नाही.

ढाणकीजवळचं आमचं गाव. मालकांच्या वावरात नवसाचे रोडगे होते. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, सोबत वांग्याची भाजी, वरण. गोवऱ्या रचायच्या, पेटवायच्या, धूर खात आर पसरायचा, हे काम आमच्या बौद्ध वस्तीतल्या बायांचं. आईसोबत त्या दिवशी मीही गेले. बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. मालकांचा पुतण्या वरणाचा गंज, ते मोठं पातेलं, चुलीवरून उतरवत होता, त्याचा हात सटकला. आगीला आमचा विटाळ नव्हता. पाण्याला होता.

आईनं हात जोडले. "बाई, पोरगी जळून राह्यली माही. पानी घेऊ द्या."

मालकिणीनं तांब्याभर पाणी लांबून ओतलं. अर्धं मातीत गेलं. मग देवापुढचा अंगारा मूठभर आणून माझ्या पायावर टाकला. "आता थंड पडते," म्हणाली. वर पुण्य केल्याचा चेहरा!

उमरखेडच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आधी ती राख धुतली. मी किंचाळले. पाऊल लालभडक, फोड आलेलं, नुसता वारा लागला तरी जीव जायचा. घोट्यापाशी मात्र कातडी पांढरी पडली होती, चामड्यासारखी. तिथं त्यांनी सुई टोचली.

"दुखतं?"

"नाही."

मला वाटलं, चला, एवढा तरी भाग वाचला.

"दुखतं तिथली कातडी जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "इथं खोल जळलंय. मांडीची कातडी काढून लावावी लागेल. लगेच वीस मिनिटं पाय वाहत्या पाण्याखाली धरला असता, तर बहुतेक इतकं खोल गेलं नसतं. पाणी नव्हतं का जवळ? कुठं भाजलं?"

मालक मोसंब्यांची पिशवी घेऊन दाराशी उभे होते. वाटेतच त्यांनी बाबांना पढवलं होतं, "घरी चुलीवर सांडलं म्हन. कायले लफडं?"

बाबा खाली बघत बोलले, "घरीच सांडलं, म्याडम."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी उठून बसले, मालकांकडे बोट केलं.

"नाही. यायच्या वावरात सांडलं. हौद भरेल होता. मले पाय घालू देला नाही."

मालक म्हणाले, "तुह्या बापाले काम कोन देते? समजून बोल."

"समजलं म्हनूनच बोलून राह्यली."

पोलिसांनाही मी तेच सांगितलं. केस झाली. आई-बाबांचं मालकांकडचं काम त्याच आठवड्यात सुटलं. बाबा माझ्याशी बोलेनात. मांडीची कातडी घोट्यावर बसली, पण ती आखडते, खाजते, मला एका जागी बसू देत नाही. कोर्टात तारखा पडत राहिल्या. आमचेच लोक सांगायला येतात, "पाय तं बरा झाला नं? मिटवून टाक." पाय बरा झाला! जसा काही माझ्या भांडणाचा विषय पायच होता.

उद्या माझी साक्ष आहे. सकाळपासून मी या खोलीतून त्या खोलीत फिरतेय. जेवण गेलं नाही. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? त्यांचा वकील विचारेल, पाणी मिळालं असतं तर असा काय फरक पडला असता? मी सलवार वर करून घोटा दाखवीन. आजवर मोज्यात लपवला, उद्या भर कोर्टात उघडा करीन. आणि मालकीण जे ओरडली ते तिच्या तोंडासमोर सांगीन, शब्द न शब्द, तिच्याच आवाजात.

बाबा म्हणाले, मी येणार नाही. न येवोत. पहिल्या बसनं मी एकटी जाईन.