धुरपताबाईचं रवण

खरं सांगा, कोंबडी खुडूक झाली, अंडी द्यायची सोडून उबवायला बसून राहिली, की तुम्ही तिच्या नाकात पीस खोवून तिला गल्लीभर पळवता की नाही? बादलीत बुडवता, उलटी टांगता. बसू देणं सोडून बाकी सगळं करता. धुरपताबाईच्या देखत केलं असतंत, तर ते पीस तिनं तुमच्या नाकात खोवलं असतं.

चुडाव्याजवळच्या एका खेड्यात ती एकटी राहायची. राज्य निजामाचं. त्या साली कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली आणि गावातली सगळी खुराडी रिकामी करून गेली. वाचली एकटी धुरपताबाईची तांबडी. आणि उन्हाळा लागायच्या आत तीच खुडूक झाली.

गल्लीतल्या बायकांनी अंडी जमवली. कुणी माहेराहून आणली, कुणी ताडकळसच्या बाजारातून. रीत अशी की, अंडी ज्याची त्याची, कोंबडी धुरपताची आणि दर घरामागं एक पिल्लू तिचं. टोपल्यात भुसा घालून तांबडीला रवणाला, म्हणजे अंडी उबवायला, बसवलं. आता गल्लीत पुन्हा कोंबडा आरवायचा की नाही, ते त्या एका टोपल्यावर होतं.

अंडी फुटायला आली आणि नेमका महसूल खात्याचा गिरदावर चावडीत उतरला. त्याच्या जेवणाला फुकट कोंबडी द्यायची, हा तेव्हाचा कायदा नव्हता, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. शिपाई चंद्रभान धुरपताबाईच्या दारात आला.

"गावात एवढीच कोंबडी हाय म्हणं. काढ."

"रवणाला बसलीय, दादा. अंगावर मास न्हाई तिच्या. साहेबाच्या दातात नुसती हाडं अडकतील."

"ते साहेब बघतील."

त्यानं टोपल्यात हात घातला. तांबडीनं असा टोचा मारला की तो हात झटकत मागं सरला. तोवर शेजारची बायनाबाई आली.

"अंडी माझी बी हायेत त्यात."

"मग घे की तुझी उचलून."

"आन् उबवू कशानं? तुझ्या पागोट्यानं?"

धुरपताबाईचं डोकं भडकलं होतं. तिनं टोपल्यावर जुनं लुगडं घट्ट पांघरलं, म्हणजे तांबडीला अंधार वाटावा आणि ती बसून राहावी. टोपलं अलगद डोक्यावर घेतलं आणि निघाली चावडीकडं. मागं सगळी गल्ली. पायाखाली खडा आला की ती थांबे, टोपल्याला कान देई, मग पुढं चाले.

गिरदावर लोडाला टेकून बसला होता. तिनं टोपलं त्याच्या सतरंजीवर ठेवलं.

"ये क्या तमाशा है?"

"तुमची कोंबडी, सरकार. पर अंडी गार पडली की आतली पिल्लं मरत्यात. ती निघेस्तवर ही हितं तुमच्यापाशी बसंल. दाणापाणी आमी बाया घालतो, तुमी काळजी करू नगा."

आणि बायका खरंच तिथं ठिय्या देऊन बसल्या. एक दाणे घेऊन येई, एक पाणी घेऊन, एक नुसतीच तांबडीची चौकशी करायला. गिरदावराला फायली उघडायची सोय राहिली नाही. त्यात रवणातल्या कोंबडीच्या अंगावरच्या उवा सतरंजीवर उतरल्या. आधी चंद्रभान खाजवायला लागला, मग साहेब.

"काय खाजवायलाव, शिपाईदादा?" बायनाबाई गरीब तोंड करून म्हणाली. "कोंबडी तर अजून शिजली बी न्हाई."

दुपार कलली तसा गिरदावर ओरडला, "ले जाओ ये बला." त्यानं वरण-भाकर खाल्ली आणि पाठ खाजवतच तो घोड्यावर बसला.

टोपलं आलं तसंच घरी गेलं. दोन-चार अंडी बाद झाली; बाकीच्यांतून पिल्लं निघाली. तांबडी त्यांना उकिरडा उकरायला शिकवायची. घारीची सावली पडली की पंखाखाली घ्यायची. पिल्लं मोठी झाल्यावर घरोघर वाटली गेली.

पुढच्या साली चंद्रभान पुन्हा आला. गल्लीत कोंबड्यांचा आवाज उदंड, पण दारोदार लुगडं पांघरलेलं टोपलं.

"ह्यात काय हाय?"

"रवण बसलंय, दादा."

"आन् तिकडं?"

"तिकडं बी. बघा की हात घालून."

चंद्रभाननं नुसतं मनगट खाजवलं आणि गल्लीबाहेरचा रस्ता धरला. त्यातल्या किती टोपल्यांत नुसता भुसा होता, ते धुरपताबाईला ठाऊक.

तेव्हा तुमची कोंबडी खुडूक झाली तर ते पीस खाली टाका, शेजारणीकडून चार अंडी मागून आणा आणि तिला बसू द्या.