झडपेवरची आत्या

माझी आत्या नोकरीची सगळी वर्षं शहराच्या बसवर कंडक्टर होती, आणि त्यातली बरीचशी वर्षं त्या बसचा ड्रायव्हर तिचाच नवरा होता. दोघं निवृत्त झाली, पण सवयी काही निवृत्त झाल्या नाहीत. उंबऱ्यात कोणी रेंगाळलं की आत्या म्हणायची, "आत या नाहीतर बाहेर जा, दरवाजा अडवू नका." काका जेवायला बसले तरी तिनं वाटीवर दोनदा चमचा वाजवल्याशिवाय पहिला घास घेत नसत. डबल बेल म्हणजे चला, सिंगल म्हणजे थांबा. त्यांचा संसार असा बिनबोभाट चालला होता.

त्यांच्या वसाहतीच्या दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या. लोकांना स्वतःच्या छातीत काय चाललंय हेच ठाऊक नसतं, याचं त्यांना फार वाईट वाटायचं. आरोग्य मेळाव्यात मैदानावर एक भलंमोठं हृदय आखायचं आणि त्यातून माणसं चालवायची, असं त्यांनी ठरवलं. माणसं म्हणजे रक्त.

मैदानाच्या मधोमध फक्कीनं चार खोल्या आखल्या, दोन वर, दोन खाली. शरीरभर फिरून दमलेलं रक्त आधी उजवीकडच्या वरच्या खोलीत येणार, तिथून दारातून खालच्या खोलीत आणि मग फुप्फुसात. फुप्फुसं म्हणजे टेबलामागे बसलेल्या दोन नर्स. त्यांना काळा फुगा द्यायचा, पांढरा घ्यायचा. तो पांढरा फुगा घेऊन पुन्हा हृदयात, पण आता डावीकडे: वरची खोली, खालची खोली आणि मोठ्या रोहिणीतून बाहेर. मैदानाच्या कडेनं मेंदू, पोट, मूत्रपिंडं, पाय अशा पाट्या लावल्या होत्या. तिथं पांढरा फुगा सोडायचा, काळा उचलायचा आणि परत हृदयाची वाट धरायची.

खालच्या खोल्यांना जवनिका म्हणतात, असं डॉक्टरीणबाई बोलून गेल्या. मांडववाल्याची हयात नाटकांच्या थिएटरांत गेलेली; त्याच्या लेखी जवनिका म्हणजे पडदा. त्यानं दोन मखमली पडदे आणून टांगले. पडदे परत न्यायला तो काही तयार होईना, तेव्हा ते तसेच राहिले.

वरच्या-खालच्या खोलीमधल्या दारावर झडप हवी होती, पण तिच्यासाठी माणूस शोधावाच लागला नाही. रक्त पुढे सोडायचं आणि मागे येऊ द्यायचं नाही, एवढंच काम आहे म्हटल्यावर सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. उरलेल्या तीन झडपांवर तिनं आपल्या जुन्या कंडक्टर मैत्रिणी उभ्या केल्या. काकांकडे ड्रम आला. हृदयाचा ठोका दुहेरी असतो हे ऐकून ते खूश झाले. "म्हणजे सारखी डबल बेल," ते म्हणाले. "सिंगल नाहीच."

मेळाव्याला आरोग्य खात्याचे मोठे साहेब पाहुणे होते. डॉक्टरीणबाईंनी माइकवरून सांगितलं, "हृदय क्षणभरही बसत नाही. ते थांबलं की माणूस संपला. आज आपण सगळे मिळून एका माणसाला जिवंत ठेवणार आहोत." काकांनी ठोका दिला, आत्यानं दारात आडवा धरलेला दोर वर केला, "चला, पुढे चला," आणि रक्त वाहायला लागलं.

छान झालं. टाळ्या पडल्या. थोड्या वेळानं बाईंनी काकांना थांबायची खूण केली. तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक आजोबा काठी टेकत उठले. ते बेकरीवाल्याचे सासरे. मागे त्यांचं छातीचं मोठं ऑपरेशन झालं होतं.

"थांबवू नका," ते म्हणाले. "मरेल तो."

"आजोबा, हे नाटक आहे."

"मग नाटकात तरी कशाला मारता? त्यानं तुमचं काय घोडं मारलंय?" मग आवाज उतरवून म्हणाले, "माझं थांबलं होतं. घरची सगळी भोवती उभी होती, आणि कोणाच्या हातात काही नव्हतं. इथं तर नुसतं चालायचंय."

काकांनी ठोका चालूच ठेवला. लोक चालत राहिले. एखादा दमला की प्रेक्षकांतून कोणी उठून त्याचा फुगा धरायचं. फुगे फुटत होते, नर्स नवे फुगवत होत्या, आणि होता होता फुप्फुसांनाच धाप लागली.

साहेब कौतुकानं हृदय बघत बघत खालच्या खोलीत उतरले होते. पडदा सारून ते परत दाराशी आले.

"मागे नाही," आत्या म्हणाली.

"अहो, माझी गाडी त्या बाजूला आहे."

"असेल. मी झडप आहे. आज तुम्हाला सोडलं तर उद्या सगळं रक्त मागे यायला बघेल."

साहेबांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. बाई ओशाळल्या, पण खोटं कसं बोलणार? "सर, तसं वैद्यकीयदृष्ट्या त्या बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. साहेब निमूट फुप्फुसात गेले, पांढरा फुगा घेतला, डावीकडच्या दोन्ही खोल्या पार केल्या आणि गर्दीच्या रेट्यात गाडीची वाट चुकून पायांच्या पाटीकडे गेले.

ऊन कललं. काकांचे हात भरून आले तसा ठोका मंदावला, आणि रक्तही पाय ओढत चालायला लागलं. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे संपवायचं कसं हो?" त्यांनी आत्याला विचारलं.

आत्यानं दोर न सोडता उलट विचारलं, "रक्त शरीरात कुठवर जातं?"

"सगळीकडे. केसाहून बारीक नळ्यांतून, अगदी कोपऱ्याकोपऱ्यात."

"मग आमच्या गल्ल्या काय शरीराबाहेर आहेत?"

तिनं मैदानाचं फाटक उघडायला लावलं. डाव्या खोलीतून बाहेर पडणारं रक्त पाट्यांकडे न वळता रस्त्यावर गेलं, रस्त्यावरून गल्ल्यांत आणि गल्ल्यांतून जिन्यांवर. माणसं पांढरे फुगे घेऊन आपापल्या घरी पोचली. काका गळ्यात ड्रम अडकवून हळू ठोके देत शेवटी निघाले.

"परत येतील ना?" आजोबांनी विचारलं.

"रक्त आहे ते, पाहुणे नाहीत," आत्या म्हणाली. "येतील."

मलाही ते आजोबांचं समाधान करण्यापुरतं वाटलं होतं. पण सकाळी आत्या दूध आणायला निघाली तर फाटकाशी वीसपंचवीस माणसं उभी, हातात काळे फुगे. कोणी हसत नव्हतं. तिनं दुधाची पिशवी खांबाला अडकवली आणि दोर वर केला. वसाहतीतलं सकाळचं फिरणं तेव्हापासूनचं. फक्की कधीच पुसली गेली, पण त्या जागेवरून अजून कोणी उलट चालत नाही. आजोबा फुप्फुसांच्या बाकावर बसून फुगे फुगवतात. डॉक्टरांनी त्यांना तो व्यायामच सांगितलाय.

गेल्या महिन्यात आत्याला जिना चढताना दम लागला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, फोटो काढले आणि जरा चाचरत सांगितलं, "तुमची एक झडप किंचित गळते. थोडं रक्त मागे जातं."

एवढा अपमान आत्याचा आयुष्यात झाला नव्हता. "शक्यच नाही," ती म्हणाली. बाईंनी स्टेथोस्कोप तिच्याच कानाला लावला. ती बराच वेळ ऐकत राहिली. ठोक्यांच्या मधे काहीतरी बारीक सुरसुरत होतं.

"जाऊ दे," शेवटी ती म्हणाली. "म्हातारं रक्त आहे. विसरलं असेल काहीतरी मागे."

काकांनी गोळ्या कधी घ्यायच्या ते दोनदा विचारून घेतलं, आणि दोघं रिक्षा न करता चालत घरी गेली.