मागे बघून निघणारा

आखातात असताना सित्र्याच्या कामावरून मनामाला मी आमच्या डॅनिश इंजिनिअरच्या गाडीतून परतायचो. निघण्यापूर्वी तो मागे वळून कुणी धावत येतंय का बघायचा आणि मगच "यल्ला", म्हणजे अरबीत "चला", म्हणायचा. त्याच्या बेटावरची फेरीबोट अशीच थांबायची म्हणे. पुढे पूल झाला, बोट बंद पडली.

"आता आमचं बेट लॅनफास्ट," तो म्हणाला. पुलाने जमिनीला जोडलेल्या बेटाला त्यांच्यात असं म्हणतात. सासरी दिलेल्या मुलीबद्दल बोलावं तसा त्याचा आवाज झाला होता.

तो कायमचा परत गेला त्या संध्याकाळी मी त्याला निरोप द्यायला टॅक्सीने मुहर्रक बेटावरच्या विमानतळावर पोहोचलो, तेव्हा कंपनीचा ड्रायव्हर एकटाच परतत होता.

"साहेब दारात किती वेळ मागे बघत उभे होते," तो म्हणाला.

मी तेव्हा पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो.