शैलाताईची क्रियापदं

शैलाताई गेल्याचं मला माझ्या मुलाने फोनवर सांगितलं, तेही हिंदीत. "आई, मावशी नहीं रहीं." लखनौत जन्मलेल्या आमच्या मुलांना मराठी समजतं, पण जीव घाबरला की तोंडून हिंदीच येतं. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या चिनहटहून मी आलमबागला ताईच्या घरी पोचले तोवर शेजारणींनी ताईला खाली चटईवर ठेवलं होतं... हार्ट अटॅक, असं डॉक्टर म्हणाले. असेल. त्याआधीचं वर्ष डॉक्टरांनी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं.

बाबा रेल्वेत इंजिनिअर. अमरावतीहून त्यांची इथे बदली झाली तेव्हा ताई सहावीत होती. नव्या शाळेत ती म्हणाली, "मैंने टिफिन लाया," आणि अख्खा वर्ग हसला. मराठीत 'तिने डबा आणला' बरोबर, मग हिंदीत 'वह टिफिन लायी' का? तो 'ने' गेला कुठे? घरी तिने सगळ्यांना विचारलं, कुणालाच सांगता आलं नाही. तेव्हापासून तिला क्रियापदांनी जे धरलं ते कायमचं. पुढे इंग्रजीत एम.ए. करून ती आलमबागच्याच मुलींच्या एका खासगी शाळेत शिकवू लागली. आई लवकर गेली, धाकट्यांची शिक्षणं, लग्नं ताईनेच पार पाडली, स्वतःचं तेवढं राहून गेलं. एकदा 'शी इज टायर्ड' या वाक्यातला 'इज' मला समजावताना म्हणाली, "हा स्वतः काही करत नाही गं. नुसता दोघांना जोडून ठेवतो. आपल्या घरात मी आहे ना, तसा." मी तेव्हा हसले होते... आता नाही हसू येत.

मग शाळेत नवे मॅनेजर आले. प्रत्येक वर्गात मोठा पडदा लागला. ताईला म्हणाले, मैडम, आपका पूरा ग्रामर रेकॉर्ड कर लेते हैं, बच्चों के काम आएगा. ताई हरखली. चौक बाजारातून चिकनच्या भरतकामाची नवी साडी आणली, आणि ती सबंध उन्हाळ्याची सुट्टी बंद खोलीत कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. पंखाही बंद, आवाज येतो म्हणून. सकर्मक, अकर्मक, जोडणारी, मदतीला येणारी, सगळी क्रियापदं हिंदी-इंग्रजीत तिने ओतून सांगितली. शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात मॅनेजरांनी बोलावून सांगितलं, "मैडम, अब आप आराम कीजिए. वीडियो तो हैं ही."

त्या दुपारी ती माझ्याकडे आली. चहा निवून साय धरली तरी कपाला हात लावला नाही. "मला काढलं, आणि मलाच ठेवलं गं," एवढंच म्हणाली. मी भांडायला निघाले, तर म्हणाली, "नको. मुलींचे धडे तरी चालू राहू देत." नंतर शिकवण्यांसाठी लोक यायचे, त्यांना ती दारातूनच परत पाठवायची. जिने आयुष्यभर तोंड मिटलं नव्हतं, ती दिवस दिवस टीव्हीचा आवाज बंद करून चित्रं बघत बसायची.

तेराव्याला शाळेकडून हार आला. वर चिठ्ठी, 'हमारे परिवार की सदस्य'. मी तो हार उचलून बाहेर ठेवला.

मागच्या आठवड्यात मी शाळेत गेले. ताईचा चालताबोलता असा एकही व्हिडिओ आमच्याकडे नाही, म्हणून तिच्या धड्यांची प्रत मागितली. ऑफिसातला मुलगा नम्रपणे म्हणाला, "आंटी जी, वो स्कूल का कंटेंट है. बाहर नहीं दे सकते." माझी सख्खी बहीण आहे ती, म्हटलं. "जी, समझ रहे हैं," म्हणाला आणि पुन्हा कॉम्प्युटरकडे वळला.

बाहेर पडले तर व्हरांड्यात ताईचा आवाज... सातवीच्या वर्गातून येत होता. खिडकीतून पाहिलं, पडद्यावर ती, चिकनच्या साडीत, कपाळावर घाम. "राधा हँसी. बात पूरी हो गयी ना? अब सुनो, राधा ने खरीदा..." आणि ती थांबली. समोरून कुणी 'क्या खरीदा?' विचारल्याशिवाय ती पुढे जात नसे. मनात प्रश्न उठला की समजायचं, क्रियापदाला कर्म हवंय. रिकाम्या खोलीत कॅमेऱ्यापुढेही ती तशीच थांबली होती, मान किंचित पुढे करून. वर्गात मुली आपापसात बोलत होत्या. नवी बाई मोबाइल बघत होती. कुणीच विचारेना.

मला राहवलं नाही. खिडकीतूनच म्हणाले, "क्या खरीदा?"

"शाबाश!" ताई म्हणाली.

मुली वळून माझ्याकडे बघत हसू लागल्या. नवी बाई उठली आणि तिने खिडकी लावून घेतली.