अक्कांच्या आधारपेशी

काचेची बशी हातात आली की सुमित्राक्का ती उजेडाकडे धरून आतल्या पेशींची विचारपूस करायच्या. "काय, सरी आहात ना?" आमच्या बंगळूरच्या प्रयोगशाळेत उंदराच्या मेंदूतल्या पेशी वाढवायचं काम त्यांचं. घर चामराजपेटेत, कित्येक पिढ्या तिथलंच. मराठी कानडीत मुरलेलं; त्यांचं 'सरी' म्हणजे ठीक. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई जरा सटकलेल्या दिसतात.

मी पुण्याहून पीएचडीला आलेली, त्यामुळे तोरा होताच. मला फक्त मज्जापेशी हव्या होत्या, एकमेकींना निरोप पाठवणाऱ्या. त्यांच्याभोवतीच्या आधारपेशी माझ्या लेखी नुसतं भरताड. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून त्यांची वाढ रोखणारं औषध मी अक्कांना न विचारता दुप्पट घालायला लागले. बशा कशा लख्ख! मग ग्लुटामेट घातलं, म्हणजे मज्जापेशी निरोप देताना सोडतात तेच रसायन. दुसऱ्या दिवशी सगळ्या मेलेल्या. तीनदा हेच. माझ्या मार्गदर्शक सरांनी सांगून टाकलं, चौथ्यांदाही असंच झालं तर विषय बंद. मी जिन्यात बसून रडले.

अक्कांनी बशी उजेडाकडे धरली, मग औषधाची बाटली पाहिली. रागावल्या नाहीत. "स्वल्प थांब," म्हणाल्या. "बोलणाऱ्या बोलून मोकळ्या होतात ग. त्यांचं सांडलेलं गोळा करणाऱ्यांनाच तू घालवलंस की."

खरंच होतं. आधारपेशी उरलेलं ग्लुटामेट शोषून घेतात. साचलं तर तेच मज्जापेशींचा जीव घेतं. परीक्षेत मी हे पानभर लिहिलं होतं, आणि बशीसमोर साफ विसरले होते. चौथ्या खेपेला औषध बंद केलं. चित्र गढूळ आलं, पण मज्जापेशी जगल्या. मग मी आधारपेशींच्याच मागे लागले: त्या नुसतं गोळा करतात, की त्यांना निरोप कळतोही?

अक्का निवृत्त झाल्या त्या दुपारी मी त्यांना मोठ्या सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. तेव्हा कळलं, इतकी वर्षं त्या बशी त्या खोलीच्या दारातच देऊन परतायच्या. आत या असं कोणी म्हटलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. फार लाज वाटली.

आधारपेशींत निरोप पोचला की चमकणारा रंग भरलेला होता. मी ग्लुटामेटचा थेंब सोडला. एक पेशी उजळली, मग शेजारची, मग तिच्या पलीकडची.

अक्कांनी बराच वेळ भिंगावरून डोळा हलवला नाही.

"यांना कळतं होय," त्या हळूच म्हणाल्या. "मी आपली रोज विचारून, उत्तराला न थांबता झाकण लावत होते."