रोहिदासकाकांनी केलेली चौकशी

मोशीचे रोहिदासकाका चाकणच्या एका कंपनीत एकोणतीस वर्षं क्वालिटीत होते. आलेला माल मोजायचा, पास करायचा नाहीतर परत पाठवायचा, हे त्यांचं काम. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. तपासायची सवय मात्र निवृत्त झाली नाही. घरात आलेली मेथीची जुडीसुद्धा उलटीपालटी करून, तिच्यात काहीतरी खोट काढल्याशिवाय ते आत जाऊ देत नसत.

अशा माणसाच्या पुतणीला, तनुजाला, स्थळ आलं. मुलगा धनेश, राहणार थेरगाव, मूळचा लातूरकडचा, चाकणलाच इंजिनिअर. त्याचे वडील मारुतराव एकदा मोशीला येऊन बोलून गेले होते. तनुजाचे वडील हयात नव्हते, म्हणून तिची आई सोजराबाई दिराला म्हणाली, "भावजी, पोरगं कसं हाय, जरा बघा."

सांगायचीही गरज नव्हती. काकांनी डायरी आधीच काढून ठेवली होती.

तीन दिवस काका तोंडाला रुमाल बांधून थेरगावच्या चौकात एका रसवंतीच्या आडोशाला उभे राहिले. तिन्ही दिवस दुपारी पावणेदोनला धनेश समोरच्या वाइन शॉपपुढे हजर. शेजारी आणखी पाच-सहा जण. त्यांना काकांनी 'संगत' या सदरात घातलं. नोंद झाली की लगेच ते स्कूटरला किक मारून परत फिरत. पुरावा मिळाल्यावर थांबायचं कशाला?

"तीनपैकी तीन वेळा, वहिनी! दिवसाढवळ्या!" त्यांनी घरी निकाल दिला. "लॉट रिजेक्ट."

"काका, पिताना पाहिलंत?" तनुजानं विचारलं.

"वाइन शॉपपुढं माणूस काय भाजी घ्यायला उभा राहतो?"

तेवढ्यात सोजराबाईंचा फोन वाजला. मारुतराव होते. सोजराबाईंनी सवयीनं स्पीकर लावला.

"ताई, राग मानू नका," मारुतराव चाचरत म्हणाले, "पण तुमचे दीर पितात का हो?"

"आगंबया! न्हाई वो! कोण म्हन्लं?"

"मीच बघायलोय की तीन दिवसांपासून. आमच्या गॅलरीतून चौक दिसतो. रोज दुपारी येतात, वाइन शॉपकडं टक लावून उभे राहतात. तोंडाला रुमाल असतो, पण रस प्यायला तो खाली घेतात ना, म्हणून ओळखलं."

काकांनी फोन जवळजवळ हिसकावलाच. "अहो, मी कशासाठी उभा होतो ते तरी विचारा! नुसतं तिथं दिसलो म्हणून..."

बोलता बोलता त्यांनी तनुजाकडे पाहिलं. तनुजा शांतपणे म्हणाली, "बोला ना काका. मी ऐकतेय."

मग सगळं सांगावंच लागलं. पलीकडे मारुतराव असे हसले की त्यांना ठसका लागला. "अहो, धनेशची कंपनीची बस तिथंच थांबते! सेकंड शिफ्ट चालू आहे त्याची."

संध्याकाळी काका ओट्यावर बसले होते. "पण मी पाहिलं ते खोटं नव्हतं," ते पुटपुटले.

"नव्हतंच," तनुजा म्हणाली. "पण भट्टीतून नुकता निघालेला लोखंडी जॉब तुम्ही लगेच मोजायचात?"

"छे! गरम असताना फुगलेला असतो तो. माप बरोबर येतं, पण त्यावरून काही ठरवता येत नाही." बोलून झाल्यावर काकांनी चष्मा पुसायला घेतला आणि तो बराच वेळ पुसला.

पुढच्या रविवारी तनुजा स्वतः धनेशला भेटली आणि सरळ विचारलं. "वर्षातून एकदोनदा बिअर घेतो," तो म्हणाला. तिनं घरी तसंच सांगितलं. काकांनी तोंड उघडलं, तशी ती म्हणाली, "हे मला चालतं का, ते मी बघते." दोन महिने भेटीगाठी झाल्या. मग तिनं होकार दिला.

साखरपुड्याला धनेश पाया पडला, तेव्हा काका जरा अवघडले. शेवटी त्यांनी विचारलं, "बसमध्ये बसायला जागा मिळते का रे?"

"रोज नाही, काका. नाशिक फाट्यावर तर चेपाचेप होते."

"अस्सं? किती सीटची बस आहे?"

आणि दोघं खुर्च्या ओढून बसले.